यान्बूचा ‘स्थानिक’ सुतार

ज्याच्यावर अन्याय झाला तो माझा सख्खा मामा. आईचा थोरला भाऊ, राजापूर तालुक्यातला सुतार. कधी झाला? गेल्याच्या आदल्या थंडीत, यान्बूच्या जुन्या गावात भरलेल्या जत्रेच्या शेवटच्या शुक्रवारी, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान व्हायच्या जरा आधी. ठिकाण सांगितलं, वार सांगितला, वेळ सांगितली. नावं सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक त्या एकाच माणसाला दोन दिवस शिव्या घालतात आणि मोकळे होतात. मला तुम्हाला मोकळं सोडायचं नाही.

यान्बू हे सौदीचं तांबड्या समुद्रावरचं बंदर. मी तिथंच वाढले. पप्पा एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आई घरी, मी इंडियन स्कूलला. आई मराठीत बोलायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे. मामाच तेवढा एक असा होता की त्याच्याशी मराठीतच बोलावं लागायचं, कारण त्याची हिंदी ऐकून हसू आवरायचं नाही.

शहराची माहिती हवी असेल तर ती कुठल्याही रंगीत पुस्तिकेत मिळते. मदिनेचं हे जुनं बंदर. उंटांचे तांडे इथं थांबायचे, मसाले नि धान्य उतरायचं, हजचे यात्रेकरू गलबतांतून उतरायचे. व्यापाऱ्यांनी समुद्रातल्या प्रवाळाचे दगड काढून तीन-तीन मजली घरं बांधली आणि त्यांना लाकडी जाळीच्या, भिंतीबाहेर आलेल्या खिडक्या बसवल्या. त्यांना रोशान म्हणतात. आतल्या बाईला रस्ता दिसावा, रस्त्यावरच्याला बाई दिसू नये. मग मोटारी आल्या, विमानं आली, बंदर ओस पडलं, घरं ढासळली. मग तेल आलं. जुन्या गावापासून लांब वाळवंटात दुसरंच शहर उभं राहिलं, रिफायनऱ्यांचं. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना, रसायनांचे कारखाने आणि त्यांच्या साहेबांसाठी वाळूवर हिरवळ. आमच्या गच्चीवरून रिफायनरीच्या ज्वाळा दिसायच्या आणि वारा फिरला की सडक्या अंड्याचा वास घरात यायचा. आई म्हणायची, “हा पगाराचा वास.” आणि आता तेलावर किती काळ भागणार म्हणून पर्यटन. डायव्हिंगवाल्यांसाठी प्रवाळ, घरच्यांसाठी समुद्रकाठची बाग, थंडीत फुलांचे गालिचे, आणि ज्यांना इतिहास आवडतो त्यांच्यासाठी जुनं गाव पुन्हा उभं केलेलं.

पुन्हा उभं केलेलं. कुणी केलं, हे पुस्तिकेत नसतं. मराठीत कर्मणी प्रयोग फार सोयीचा आहे, इंग्रजीतही असावा.

मामा सौदीत आला तो तबूकला, बिल्डिंगच्या साइटवर, शटरिंग कार्पेंटर म्हणून. म्हणजे काँक्रीट ओतायला फळ्यांचे साचे ठोकायचे आणि ते सुकलं की काढायचे. त्याला त्याचा राग होता. “ह्याला काय सुतारकाम म्हणत्यात? खोका करायचा न् मोडायचा.” त्याच्या बापानं देवळांच्या सभामंडपाचं नक्षीकाम केलेलं. मग कंपनीनं यान्बूच्या जुन्या घरांच्या कामाचा पोटठेका घेतला आणि जाळी कोरता येते का, असं कॅम्पात विचारत फिरली. मामानं हात वर केला. त्याला यान्बूत आणलं. मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता. गावातला एक अरब म्हातारा सुतार अधूनमधून यायचा आणि कोळशानं फळीवर वेलीचे नमुने काढून दाखवायचा. दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही. मामा सांगायचा, “तो यल्ला म्हणतो, मी व्हय म्हणतो. खिडकी हुती.” पूर्वी रोशानचं बरंच लाकूड हिंदुस्थानातून गलबतानं यायचं, हे त्याला कुठूनतरी कळलेलं. “लाकूड आपलं, सुतार आपला. अरबाची काय ती हवा,” म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. माशाचं कालवण, भात, सोलकढी. पण पप्पांकडे हॉस्पिटलचं कुणी आलं की मामा ताट उचलून स्वयंपाकघरात जायचा. त्याला कुणी सांगायचं नाही. पप्पा फक्त खुर्ची सरकवायचे, जरा आवाज करून. एकदा कुणीतरी विचारलं, आत कोण आहे? पप्पा म्हणाले, “गावाकडचा माणूस. कामाला आलाय इकडे.” आई ओट्याशी उभी होती. तिनं भांडं आपटलं आणि मामानं तिच्याकडे बघून डोळे मिचकावले.

जत्रेच्या थंडीत तो यायचा थांबला. आई फोन करायची तर, “काम वाढलंय गो बाय, उद्घाटन हाय.” आवाज बसलेला. पुढच्या आठवड्यातही तेच. आईनं खोबऱ्याच्या वड्या करून ठेवल्या, त्या मऊ पडल्या.

खरं काय झालं होतं ते आम्हाला नंतर कळलं, पण इथंच सांगते. उद्घाटन जवळ आलं म्हणून जेवणाची सुट्टीही काढून घेतली होती. घाईत पटाशी सटकली आणि डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी खोल घुसली. कॅम्पचा फोरमन आपलाच, कोल्हापूरकडचा. त्यानं जखमेवर फडकं बांधलं, वरून वायरिंगची काळी टेप गुंडाळली आणि म्हणाला, “जत्रा संपली की दवाखाना.” कारण दवाखान्यात नेलं की अपघाताची नोंद होते आणि नोंद झाली की काम बंद पडतं. मग त्याच फोरमनच्या डोक्यात कल्पना आली. जत्रेत पाहुण्यांना दाखवायला स्थानिक कारागीर पाहिजे होता. तो अरब म्हातारा म्हणाला, मी माकड नाही, दिवसभर लोकांसमोर बसायला. शहाणा माणूस. मग मामाला दाढी वाढवायला लावली, कमरेला पट्ट्यांची लुंगी, अंगात जरीचं जाकीट, डोक्याला फेटा, खांद्यावर शाल आणि शालीच्या आत तो हात. सक्त ताकीद एकच, तोंड उघडायचं नाही. पाहुण्यांना वाटलं पाहिजे की ह्याच्या आजानंच ही खिडकी केली. बोललास तर खलास, दुसऱ्या दिवशी विमानात.

तर त्या शुक्रवारी पप्पांच्या हॉस्पिटलमधले हाडांचे डॉक्टर आम्हाला त्यांच्या मोठ्या गाडीतून जत्रेला घेऊन गेले. डॉक्टर पुण्याचे. बरोबर त्यांच्या पत्नी, डॉक्टरीणबाई. पप्पा खूश होते, कारण बढतीच्या कमिटीवर डॉक्टर होते. आईला त्यांनी गाडीत बसायच्या आधी बजावलं, “जरा कमी बोल.”

जुनं गाव सुंदर दिसत होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रवाळाच्या पांढऱ्या भिंती, गल्ल्यांत पिवळे दिवे, वेलदोड्याच्या गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, वास, समुद्राकडून वारा. पांढऱ्या झग्यातला एक तरुण गाईड इंग्रजीत इतिहास सांगत होता. मुलगा चांगला होता, मनापासून सांगत होता. त्याला ठाऊकच नसावं. एका घरासमोर तो थांबला. वर नवी कोरी रोशान आणि तिच्या खाली चटईवर बसलेला कारागीर. गाईड म्हणाला, ही कला इथं बापाकडून मुलाकडे आलेली आहे.

आता आपल्या लोकांची एक खोड सांगते. परदेशात मराठी माणूस मराठीला बंद खोली समजतो. दुकानदारासमोर उभं राहून “लुटतोय मेला, चल पुढे” असं खुशाल म्हणायचं, लिफ्टमध्ये शेजारच्याच्या टकलावर बोलायचं. कोण ऐकतंय? आम्ही सगळेच करायचो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो बघा ना, मघापासून एकच पट्टी घासतोय. सरकारी नोकरी दिसतेय.”

डॉक्टर म्हणाले, “घासतोय हेच विशेष. कामाला हात लावणारा अरब मी आज पहिल्यांदा बघतोय.”

पप्पा हसले. गरजेपेक्षा मोठ्यानं हसले.

“आणि वास केवढा येतोय! शी! आंघोळ करत नाहीत वाटतं हे लोक,” बाई म्हणाल्या.

“पाणी महाग, पेट्रोल स्वस्त,” डॉक्टर म्हणाले. “पेट्रोलनं करत असेल.”

पप्पा पुन्हा हसले.

वास खरंच येत होता. हाडांचा डॉक्टर, हयात जखमा बघण्यात गेलेली, वाऱ्याच्या दिशेला उभा राहून पू झालेल्या हाताचा वास घेत होता आणि पेट्रोलचा विनोद करत होता. कारागिराची मान खाली होती. उजव्या हातानं तो कानस चालवत होता, थांबून भुसा फुंकत होता. फेट्याखालून चेहरा दिसत नव्हता. त्यानं सगळं ऐकलं. शब्द न् शब्द. पप्पांचं हसूही त्यानं ओळखलं असणार.

बाईंना फोटो पाहिजे होता. त्या त्याच्या शेजारी चटईवर टेकल्या, नाकाला रुमाल लावून, आणि डॉक्टरांनी फोन धरल्यावर रुमाल काढला. “दुसरा हात शालीत का ठेवलाय ह्यानं? फोटोत लुळा वाटतोय. काढ ना, हँड, हँड.” तो हलला नाही. तेव्हा त्यांनी हसत हसत शालीचं टोक धरलं आणि ओढलं.

“आई गंऽऽ!”

अरब ओरडला. मराठीत.

पलीकडे ढोल चालू होता, मुलं धावत होती. शाल घसरली होती. काळ्या टेपमधून बोटं बाहेर आली होती, सुजून एकमेकांना चिकटलेली, टोकांना जांभळी-काळी.

आई म्हणाली, “दादा?”

तो वर बघेना. आई खाली बसली. तिनं फेटा मागे सारला. “दादा, काय रे हे? काय झालंय हाताला?”

तो ओठ न हलवता म्हणाला, “जा गो बाय. फोरमन बघतोय.”

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि पर्समधून ओला टिश्यू काढून बोटं पुसत होत्या, एकेक. डॉक्टरांनी पप्पांना विचारलं, “तुम्ही ओळखता?”

मी पप्पांकडे बघत होते. तो क्षण काही फार लांब नव्हता. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसलं असं मी म्हणणार नाही, पण ते काय म्हणाले ते ऐकलं. “हिच्या गावचा आहे.”

“माझा भाऊ आहे!” आई ओरडली. “पाठचा नाही, थोरला. सख्खा. तुमचा मेव्हणा आहे. दर शुक्रवारी जेवायला यायचा घरी. डॉक्टर, तुम्ही हाडांचे ना? बघा ना हो जरा. हात सडलाय त्याचा.”

डॉक्टर वाकले. हात नाही लावला, वाकले फक्त, पाठीमागे हात बांधून, दुकानातली वस्तू बघतात तसे. मग म्हणाले, “लगेच ॲडमिट करायला पाहिजे. बोटं जातील, उशीर झाला तर हात जाईल.” आई उठायला लागली तसं पुढे म्हणाले, “पण कंपनीचं पत्र लागेल. आणि कार्ड. नाहीतर रिसेप्शनवाले घेणार नाहीत. तुम्ही कंपनीशी बोलून घ्या.”

हॉस्पिटलमध्ये ज्यांच्या शब्दावर वॉर्ड हलायचा ते डॉक्टर हे म्हणाले. एक फोन. खिशातला फोन, ज्यात नुकताच फोटो काढला होता, तो कानाला लावायचा होता.

तेवढ्यात फोरमन धावत आला. “कुणी बोलायला सांगितलं रे तुला?” मग आम्हाला बघून हात जोडले. “ताई, कार्यक्रम चालू आहे. बाजूला व्हा.”

“मी ह्याला घेऊन चाललेय,” आई म्हणाली.

“न्या की. मी कोण अडवणार? फक्त उद्या ह्याच्यावर हुरूब लागला तर मला विचारायला येऊ नका.”

हुरूब म्हणजे पळून गेल्याची तक्रार. कफिलानं, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकानं, ती ठोकली की माणसाचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, मेला. मग पोलीस, कोठडी, तिथून परस्पर घरी. नियम आता सैल झालेत म्हणतात. नियम सैल होतात ते ज्याला वाचता येतात त्याच्यासाठी. फोरमननं तो शब्द उच्चारला आणि मामानं स्वतःच शाल पुन्हा हातावर ओढून घेतली.

“उद्या संपतंय गो. मग कंपनी दवाखान्यात नेणार हाय. जा तू. दाजींचं बघ, साहेब खोळंबलेत.”

दाजींचं बघ. ज्यानं तुला गावचा माणूस केला त्या दाजींचं बघ. मी किंचाळले असते तर बरं झालं असतं की वाईट, मला माहीत नाही. अजान सुरू झाली. फोरमननं दोरी लावून तो कोपरा बंद केला. नमाजानंतर तो पुन्हा उघडणार होता.

गाडीत डॉक्टरीणबाई मागे वळून आईला म्हणाल्या, “सॉरी हं. मला खरंच कळलं नाही. अगदी अरबच वाटत होते.” आणि थोड्या वेळानं, “फोटो डिलीट करू का? तसा छान आलाय.”

पप्पा म्हणाले, “राहू दे हो मॅडम.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आई पप्पांच्या मागे लागली. पप्पा कामावर गेले. तिनं फोरमनला फोन केले, त्यानं उचलले नाहीत. तिनं टॅक्सी केली आणि मला घेऊन हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर गेली. तिथं एका केरळी सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि कुजबुजली, “माणूस घेऊन या, मी इमर्जन्सीत आत घेते. पत्र नंतर बघू.” सगळे वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण माणूस आणायचा कुठून? टॅक्सी कॅम्पच्या फाटकाशी नेली तर चौकीदार म्हणाला, बायकांना आत सोडत नाहीत. आई फाटकाला धरून भावाला हाका मारत उभी राहिली. तो तिथं नव्हताच. तो चटईवर होता, पट्टी घासत. जत्रेचा शेवटचा दिवस होता, गर्दी जोरात होती.

जत्रा संपल्यावर कंपनीनं शब्द पाळला. दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं टेप काढली, पट्टी बांधली, तापाच्या गोळ्या दिल्या. आणि आठवडा जायच्या आत मामाला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत पाठवायचा शिक्का, मारून विमानात बसवलं, कारण आता हा हात कंपनीच्या काय उपयोगाचा? विमानात शेजारच्यानं वासामुळे जागा बदलून मागितली. रत्नागिरीत तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी राहिली. सर्जन म्हणाले, पंधरवड्यापूर्वी आणला असता तर एकही काढावं लागलं नसतं.

सुताराचा डावा हात म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. उजवा नुसता ठोकतो. पटाशी धरतो, वळवतो, थांबवतो तो डावा.

मी आता रत्नागिरीत असते. आखातातून मोडून परत आलेल्यांसाठी आमचा एक छोटा गट पत्रकं काढतो, बसस्टँडवर वाटतो. लोक घेतात आणि त्यात भजी गुंडाळतात. आई मामासाठी इकडे आली होती, ती पप्पांकडे परत गेली आहे. कुठं जाणार? पप्पांना बढती मिळाली. मामा गावी आहे. मी गेले की अंगणात बसलेला असतो, मामी विहिरीवरून पाणी आणत असते. मागे तिनं कळशी उतरवायला हाक मारली तर म्हणाला, “मी आता खरा अरब झालोय. कामाला हात लावत नाय.” आणि हसला. मामी हसली नाही. तिला तो विनोद कुठला ते माहीत नाही. मला माहीत आहे. पेट्रोलचाही त्यानं लक्षात ठेवलाय, पण तो अजून केलेला नाही.

परवा बसस्टँडवर मी माझी पत्रकं वाटत होते, आणि शेजारी एक पोरगा त्याची वाटत होता, गुळगुळीत कागदावरची. सौदी आता पर्यटकांना उघडलंय, इथल्याही सहली निघतात. वाळवंट, उंट, तांबडा समुद्र, जुनी बंदरं. खाली लिहिलं होतं, ‘पारंपरिक स्थानिक कारागिरांना प्रत्यक्ष भेटा.’ लोक माझं टाकून त्याचं घेत होते.

ठीक आहे. जा. हौसेनं जा, गहवा प्या, खिडक्या बघा, त्या बघण्यासारख्याच आहेत. आणि लिहिलंय तसं त्याला प्रत्यक्ष भेटा. फोन खिशात ठेवा. त्याच्यासमोर चटईवर बसा, आणि गाईड काय म्हणतो ते सोडून त्याला विचारा. मराठीत विचारा, हिंदीत विचारा. भाऊ, गाव कुठलं? तो बोलणार नाही. त्याच्यामागे कोण उभं आहे ते आधी बघा, त्या मागच्याला ऐकू जाणार नाही इतकं हळू बोला, पण उठू नका. शालीला हात लावू नका. त्याला म्हणा, दादा, हात दाखव. दोन्ही. आणि दुसरा हात बाहेर आला नाही, तर तुमच्या ग्रुपमध्ये एखादा डॉक्टर असतोच, त्याला तिथंच खाली बसवा आणि त्याच्याकडून तो फोन करून घ्या.